घोडी, दोरा आणि स्फटिक

रायपूर स्थानकामागील गुढियारीत आम्ही बिऱ्हाड थाटले, तेव्हा आमच्या सामानात सर्वांत अधिक जागा वडिलांच्या मिरजी तंबोऱ्याने अडविली होती. भिंतीपलीकडच्या घरातील तरुणास इलेक्ट्रिक गिटारचा छंद. एके संध्याकाळी त्या बाजूने असा काही चीत्कार उठला, की आमचा षड्ज गळ्यातच राहिला. दुसऱ्या दिवशी तो तरुण स्वतःच आमच्या दारी आला. गिटारच्या घोडीखाली त्याने पिएझो पिकअप बसविला होता आणि तो नाद ओव्हरड्राइव्हमधून काढून पाहिला होता. त्याचा प्रश्न साधा होता. "भैया, तुमचा तंबोरा झणझणतो तो गोड लागतो आणि माझी गिटार झणझणली की कानात खुपते, असे का?"

विज्ञानाचे पदवीधर असूनही आम्हांस तत्काळ उत्तर देता आले नाही. ते शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले, की या प्रश्नाला शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण आपल्याच घरातले आहे.

प्रथम स्फटिकाची हकीकत सांगू. १८८० साली पॅरिसमध्ये झाक आणि पिएर या क्यूरी बंधूंना असे आढळले, की काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत् प्रकट होते. क्वार्ट्झ, तुरमली, रोशेल लवण, इतकेच काय, उसाच्या साखरेचा स्फटिक देखील त्या यादीत होता. पुढे रोशेल लवणाचे स्फटिक ग्रामोफोनच्या पिकअपमध्ये आले. परंतु दमट हवा आणि उष्णता त्यांस सोसत नसे. १९५० च्या दशकात टिकाऊ दाबविद्युत् मृत्तिका हाती आली, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील ओव्हेशन कंपनीने असे पिकअप गिटारच्या घोडीत बसविले.

इलेक्ट्रिक गिटारचा मूळ पिकअप मात्र निराळा. १९३२ साली रिकनबॅकरची गिटार बाजारात आली ती लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे घेऊन. या वेटोळ्याचा एक गुण असा, की अतिशय उंच कंपने त्यातून आपोआप गळून जातात. स्फटिकाला अशी गाळणी नाही. नखीचा आघात, लाकडावरील बोटाचा स्पर्श, तारेची खरखर, घोडीवर जे जे येईल ते ते तो इमानाने पुढे पाठवितो.

ओव्हरड्राइव्हचा जन्म तर बिघाडातून झालेला. झेपेल त्याहून अधिक नाद ध्वनिवर्धकावर लादला, की लहरींचे माथे छाटले जातात आणि मुळात नसलेले उपस्वर निर्माण होतात. १९५१ च्या 'रॉकेट एटीएट' या ध्वनिमुद्रिकेत नादुरुस्त ध्वनिवर्धकाचा असा फाटका आवाज आहे. १९६२ साली तोच परिणाम देणारी पेटी विक्रीस आली. चुंबकी पिकअपने आधीच गाळलेला नाद या छाटणीतून भरदार होऊन येतो. स्फटिकाचा सारा खडखडाट तीतून काढला, की खडखडाटाचीच मूर्ती मोठी होते.

मग तंबोऱ्याची झणझण गोड का? याचा शास्त्रीय शोध ज्यांनी घेतला ते, आपणां नोकरदारांस अभिमान वाटावा, मूळचे सरकारी अधिकारीच. चंद्रशेखर वेंकट रामन् १९०७ मध्ये वित्त खात्यात कलकत्त्यास रुजू झाले. मध्यंतरी रंगून आणि नागपूर येथे त्यांची बदलीही झाली. कलकत्त्यास कचेरीच्या वेळेआधी आणि नंतर ते प्रयोगशाळेत बसत. १९१७ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली, आणि १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तार ज्या बिंदूवर छेडावी, तेथे ज्या उपस्वरांचा स्तब्धबिंदू असतो ते उपस्वर उमटू नयेत, असा युरोपीय विद्वानांचा नियम. रामन् यांना आढळले, की वीणेत आणि तंबोऱ्यात ते उपस्वर स्पष्ट ऐकू येतात. कारण घोडीचा पृष्ठभाग रुंद आणि किंचित वक्र असतो. कंप पावणारी तार त्यावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. तिच्याखाली सरकविलेला दोरा ही टेकण नेमकी जुळवितो. हीच जवारी.

म्हणजे जवारी ही देखील एका अर्थी नादाची विकृतीच. परंतु तंबोऱ्यात प्रत्येक तारेचा दोरा स्वतंत्र असतो. प्रत्येक तार आपल्यापुरती झणझणते. ओव्हरड्राइव्हमध्ये सर्व तारा आधी एकत्र होतात आणि मग त्यांची छाटणी होते. त्यामुळे दोन स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांचे तिसरेच स्वर उपटतात. षड्ज-पंचमाचे प्रमाण दोनास तीन. त्यांची वजाबाकी खालचा षड्जच देते, म्हणून ती जोडी खपून जाते. इतर जोड्या भांडतात. रॉकवादक अशा आवाजात बहुधा षड्ज-पंचमच का धरतात, आणि आपल्या पूर्वजांनीही तंबोऱ्यास तीच जोडी का दिली, याचा थोडा उलगडा येथे होतो.

हे सारे समजल्याच्या तोऱ्यात आम्ही एक अपराध केला. तारांनी घोडीवर बारीक चरे पाडले होते. ते काढावे म्हणून आम्ही स्वतः कानस चालविली, आणि वडिलांच्या तंबोऱ्याचा पंचम मुका झाला. दिवाळीच्या रजेत तो मिरजेस न्यावा लागला. पटवर्धन संस्थानिकांच्या काळी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, फरीदसाहेब सतारमेकर यांनी तेथे या धंद्याचा पाया घातला. मूळ कसब शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांचे. ज्या वृद्ध कारागिराने आमची घोडी हाती घेतली, त्याने काहीच मोजले नाही. एक हात फिरवावा, तार छेडावी, डोळे मिटून ऐकावे. आम्ही एका दमात जितके घासले होते, तितके त्याने तासाभरातही घासले नसेल. उठताना तो एवढेच म्हणाला, "साहेब, काढलेलं परत बसवता येत नाही. म्हणून आधी ऐकायचं."

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. त्याने नाव सुरक्षित झाले. परंतु आज घरोघरी इलेक्ट्रॉनिक तंबोरे वाजतात, आणि कोठे थांबावे हे जाणणारा कान मात्र कारागिराशेजारी वर्षानुवर्षे बसूनच तयार होतो.

गुढियारीस परतल्यावर शेजारच्या तरुणास हे सारे सांगितले. त्याने स्फटिकापुढे उंच कंपने गाळणारी योजना केली, ओव्हरड्राइव्ह निम्म्यावर आणला आणि षड्ज-पंचम धरला. प्रत्येक तारेखाली वेगळा स्फटिक असलेली घोडीही मिळते. तीवर प्रत्येक तारेला स्वतंत्र ओव्हरड्राइव्ह देता येतो, हे ऐकून तो आता पैसे साठवीत आहे. परवा संध्याकाळी भिंतीपलीकडून भरदार, काहीसा खरबरीत असा षड्ज आला. आम्ही तंबोरा उतरविला आणि त्याच्या षड्जास आपला मिळविला. मिळाला.