इंग्रजी वाक्यातील विशेषण, क्रियाविशेषण व उभयान्वयी अव्यय : मुंबई उपनगरांतील वापर

अंधेरी-बोरिवलीचा पश्चिम रेल्वेमार्ग आणि घाटकोपर-मुलुंडचा मध्य रेल्वेमार्ग यांवर ‘फास्ट’ व ‘स्लो’ हे शब्द मराठी बोलण्यात पूर्ण मुरले आहेत. ‘फास्ट लोकल’मध्ये ‘फास्ट’ विशेषण आहे. ‘द ट्रेन रन्स फास्ट’मध्ये तेच रूप क्रियाविशेषण होते. ‘स्लो’चे क्रियाविशेषण मात्र सहसा ‘स्लोली’ होते. ‘हार्ड’ला हा नियम लावणे धोक्याचे : ‘हार्डली’ म्हणजे ‘जेमतेम’, आणि अर्थ उलटतो. ‘व्हेरी क्राउडेड ट्रेन’मध्ये ‘व्हेरी’ क्रियापदाकडे न जाता विशेषणाची तीव्रता वाढवते.

मराठी आकारान्त विशेषण ‘मोठा, मोठी, मोठे’ असे बदलते, इंग्रजी विशेषण लिंगानुसार बदलत नाही. हा फरक विद्यार्थ्याला लवकर साधतो. क्रियाविशेषणाची जागा अधिक अवघड. ‘ती इंग्रजी अस्खलित बोलते’ याचे इंग्रजी ‘शी स्पीक्स इंग्लिश फ्लुएंटली’ होते. क्रियापद व कर्म यांच्यामध्ये ‘फ्लुएंटली’ खपत नाही.

खरी अडचण उभयान्वयी अव्ययांत आहे. ‘जरी पाऊस होता, तरी लोकल वेळेवर आली’ येथे मराठीला जोडी लागते. त्या सवयीने मराठी भाषक ‘ऑलदो’ घालून पुढे ‘बट’ही घालतो. इंग्रजीत दोहोंपैकी एकच पुरते. ही चूक निष्काळजीपणाची नसून मातृभाषेच्या रचनेतून येते, म्हणून शिक्षकाने दोन्ही वाक्ये शेजारी मांडून दाखवावीत. अशा तुलनेसाठी मराठीची बाजू दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८३६) व मोरो केशव दामले (१९११) यांच्या व्याकरणांत मिळते.