सिंधुदुर्ग अजिंक्य होता काय?

सिंधुदुर्ग कुणालाही लढून घेता आला नाही, १८१२ साली इंग्रजांकडे गेला तोही तहाने, असे सर्रास सांगितले जाते. या म्हणण्याला काहीच आधार नाही, असे नव्हे. किल्ला ज्यावर उभा आहे त्या मालवणजवळच्या कुरटे बेटाभोवतीचे खडक, त्यांतून जाणारी वाकडी वाट, बुरुजांआड दडलेला दरवाजा, सुमारे तीन किलोमीटरचा तट आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आजही पाहता येतात. १६६४ साली शिवाजी महाराजांनी जागा निवडली ती पारखूनच.

पण अजिंक्यतेचा हा दावा उभा ठेवायचा तर १७६५ साल गाळावे लागते. तेव्हा किल्ला ताब्यात असलेल्या कोल्हापूरकरांचे आरमार ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाराला उपद्रव देते, म्हणून त्या वर्षी मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांनी चढाई करून किल्ला घेतला, त्याचे 'फोर्ट ऑगस्टस' असे नामकरणही केले. पुढच्या तहाने हा आधीचा पराभव पुसला जात नाही.

मग किल्ला कुचकामी होता? तेही खरे नाही. इंग्रजांना तो जेमतेम वर्षभर ठेवता आला. राखावा तर उत्पन्न नाही, तट पाडावा तर खर्च डोईजड. अखेर व्यापाराला त्रास न देण्याची हमी आणि मोठी रक्कम ठरवून १७६६ साली त्यांनी तो कोल्हापूरच्या राणी जिजाबाईंच्या राज्याला परत केला. बेटावर पाणी होते. पण तांदूळ, सरपण आणि दारूगोळा होडीनेच आणायचा. मालवणचा किनारा आपला नसेल, तर अशा बेटावरची शिबंदी म्हणजे पांढरा हत्ती.

१८१२ साली इंग्रजांनी एकटे बेट घेतले नाही. सिंधुदुर्गासोबत पद्मगड, राजकोट, सर्जेकोट हे आसपासचे किल्ले आणि मालवण बंदर असे सगळेच पदरात पाडून घेतले. किनारा हाती आला, तेव्हा किल्लाही कायमचा हाती राहिला.

तेव्हा सिंधुदुर्गाचे बळ 'पडला की नाही' या प्रश्नावर मोजणेच चूक. घेणाऱ्याला तो पचला नाही, आणि पचला तो चारही किल्ले व बंदर एकाच मुठीत आल्यावर. २०२५ साली युनेस्कोने हा किल्ला जागतिक वारसा यादीत घेतला, तोही बारा किल्ल्यांच्या मराठा लष्करी भूप्रदेशाचा भाग म्हणून. मालवणात आलेल्यांना नुसता तट दाखवून 'अजिंक्य' म्हणण्यापेक्षा राजकोट ते सर्जेकोट हा किनारा दाखवावा. महाराजांची दूरदृष्टी तिथे अधिक स्पष्ट कळते.