अणे, माधव श्रीहरी

(२९ ऑगस्ट १८८०–२६ जानेवारी १९६८). वऱ्हाडातील राजकीय नेते, वकील, संस्कृत कवी आणि लोकमान्य टिळकांचे पद्यचरित्रकार. लोकांनी त्यांना ‘लोकनायक’ म्हटले. विदर्भात मात्र बापूजी अणे हेच नाव अधिक रुळले. जन्म यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण झाल्यावर त्यांनी अमरावतीस काही काळ शिक्षकाची नोकरी केली आणि १९०८ मध्ये यवतमाळला वकिली सुरू केली. टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात मंडालेस पाठवले गेले ते याच वर्षी. बापूजींच्या सार्वजनिक जीवनाची दिशा टिळकांच्या राजकारणाने ठरवली आणि त्यांच्या अखेरच्या मोठ्या ग्रंथाचा विषयही टिळकच झाले.

१९१८ मध्ये त्यांनी यवतमाळहून ‘लोकमत’ हे पत्र काढले. पुढे जवाहरलाल दर्डा यांनी याच नावाने पत्र चालवले आणि १९७१ मध्ये नागपूरहून त्याचे दैनिक सुरू झाले. टिळकांच्या मृत्यूनंतर वऱ्हाडातील काँग्रेसची धुरा बापूजींकडे आली. १९२१ ते १९३० ते विदर्भ प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष होते. गांधीजींविषयी त्यांना आदर होता, पण कायदेमंडळावरील बहिष्कार त्यांना पटत नव्हता. म्हणून जयकर, केळकर व मुंजे यांच्याबरोबर ते प्रतियोगी सहकारितेच्या गटात गेले. मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालील १९२८ च्या घटना समितीतही ते होते.

त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत तेजस्वी भाग १९३० चा जंगल सत्याग्रह होय. वऱ्हाडला समुद्र नाही, त्यामुळे मिठाचा कायदा मोडणे येथे प्रतीकापुरतेच शक्य होते. राखीव जंगलाचे नियम मात्र गावोगाव जाचत होते. ज्या रानात पूर्वापार गुरे चरत आली, तिथल्या गवतालाही परवाना लागे. कायदेमंडळाच्या मार्गावर विश्वास असलेल्या या वकिलाने १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला आणि अटक करून घेतली. त्याच महिन्यात यवतमाळनजीक डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनीही सत्याग्रह केला. शेतकऱ्याच्या रोजच्या अडचणीतून कायदेभंगाचा मुद्दा शोधणे ही या लढ्याची खरी कर्तबगारी. इतिहासग्रंथांत दांडीच्या मानाने तिची दखल फारच थोडी घेतली गेली आहे.

१९३३ मध्ये, कायदेभंगाची चळवळ आवरती घेतली जात असताना, ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. जातीय निवाड्याबाबत काँग्रेसने घेतलेली तटस्थ भूमिका न रुचल्याने १९३४ मध्ये त्यांनी मदनमोहन मालवीय यांच्यासह काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष स्थापला. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. ब्रिटिशांच्या मंडळात बसल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. पण फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभले आणि सरकार त्यांना सोडायला तयार होईना, तेव्हा बापूजींनी होमी मोदी व नलिनी रंजन सरकार यांच्यासह राजीनामा दिला. त्यांच्याविषयी मत बनवताना हा राजीनामा विसरून चालणार नाही. त्यानंतर ते सिलोनमध्ये भारताचे प्रतिनिधी होते. १९४८ ते १९५२ या काळात त्यांनी बिहारचे राज्यपालपद सांभाळले.

वेगळ्या विदर्भाचा आग्रह त्यांनी कधी सोडला नाही. याच प्रश्नावर १९५९ च्या पोटनिवडणुकीत ते नागपूरमधून लोकसभेवर निवडून आले आणि १९६२ मध्ये अपक्ष म्हणून पुन्हा विजयी झाले. तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती.

उतारवयात त्यांनी ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ हे सुमारे बारा हजार श्लोकांचे संस्कृत काव्य रचले. टिळकांचे आयुष्य आणि त्याभोवतीचा राष्ट्रीय चळवळीचा काळ असा त्याचा विस्तार आहे. राजकारणातून बाजूला झाल्यावर इतिहास लिहिणारे मुत्सद्दी अनेक देशांत झाले. चीनमधील सुंग काळचे सिमा ग्वांग (१०१९–१०८६) यांनी दरबारातील मतभेदानंतर लोयांगला राहून आपला महाग्रंथ पुरा केला. मात्र स्वतःच्या राजघराण्याच्या उदयाआधी, इ. स. ९५९ पाशी, ते थांबले. बापूजींनी उलट आपल्याच काळाचा आणि आपल्याच नेत्याचा इतिहास लिहायला घेतला. त्यामुळे या काव्यात तटस्थता शोधू नये. टिळकांच्या पक्षात प्रत्यक्ष वावरलेल्या माणसाची साक्ष म्हणून ते वाचावे. संस्कृत निवडल्याने त्याचा वाचकवर्ग मर्यादित राहिला, ही वऱ्हाडी वाचकाला चुटपुट लावणारी गोष्ट आहे.

१९६८ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान जाहीर झाला. याच वर्षी प्रजासत्ताकदिनी त्यांचे निधन झाले. काव्याचे खंड त्यानंतर प्रसिद्ध झाले आणि १९७३ चा संस्कृतसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मरणोत्तर मिळाला.