व्यंजक : न बोललेल्या अर्थाचा वाद आणि गोदाकाठची एक गाथा

१/ सूचक मौन, बोलके डोळे, अर्थगर्भ स्मित, मार्मिक टोला. दडलेला अर्थ उघड करणाऱ्या गोष्टींसाठी मराठीत विशेषणांची वाण नाही. यांच्याच कुळातल्या ‘व्यंजक’ या विशेषणावरून मात्र काश्मीरच्या पंडितांत सुमारे दोन शतके वाद चालला, आणि त्या वादाच्या ऐन मध्यावर गोदावरीकाठची एक प्राकृत गाथा उभी होती. त्याची ही हकीकत.

२/ आधी शब्द पाहू. ‘व्यंजक’ हा ‘वि’ उपसर्ग लागलेल्या ‘अञ्ज्’ धातूपासून झाला. माखणे, उजळणे, प्रकट करणे हे त्या धातूचे अर्थ. डोळ्यांत घालायचे अंजन त्याचेच. व्यक्त, व्यक्ती, अभिव्यक्ती ही सारी त्याचीच भावंडे. ‘सूचक’ची कथा निराळी. संस्कृतात त्याचा एक अर्थ चहाडखोर, गुप्त बातमी पुरवणारा असा होता. आज तोच शब्द सभेत ठराव मांडतो आणि त्याला अनुमोदकही मिळतो.

३/ शास्त्रकारांना शब्दाच्या दोन शक्ती मान्य होत्या. सरळ अर्थ सांगणारा शब्द वाचक. सरळ अर्थ अडला की जवळचा दुसरा अर्थ देणारा तो लाक्षणिक. ‘गंगेवर गवळीवाडा आहे’ या प्रसिद्ध उदाहरणात प्रवाहावर वस्ती शक्य नाही, म्हणून ‘गंगेच्या काठी’ असा अर्थ घ्यायचा. पण मग ‘काठी’ असेच का म्हटले नाही? वाड्याचा गारवा आणि पावित्र्य मनात उभे राहावे म्हणून. हा उरलेला अर्थ कोणत्या शक्तीने कळला?

४/ नवव्या शतकात, राजा अवंतिवर्म्याच्या काळात, आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहून उत्तर दिले : ही तिसरी शक्ती, व्यंजना. आरंभीच त्याने तीन विरोधी मते नोंदवली. ध्वनी असे काही नाहीच. असलाच तर तो लक्षणेत मोडतो. असला तरी तो शब्दांत सांगता येणार नाही.

५/ पुराव्यादाखल त्याने सातवाहन राजा हाल याच्या नावे असलेल्या महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’तली एक गाथा घेतली. एक स्त्री फुले वेचायला येणाऱ्या धर्मशील गृहस्थाला सांगते : आता खुशाल फिरा, त्या कुत्र्याला गोदाकाठच्या झाडीतल्या सिंहाने मारले. ती झाडी तिची प्रियकराला भेटण्याची जागा. शब्दांत आहे ‘या’. पोहोचतो तो अर्थ ‘येऊ नका’.

६/ येथे लक्षणा चालत नाही, कारण सरळ अर्थ कुठेच अडत नाही. वाक्य आपल्या जागी पूर्ण आहे. तरीही त्यातून नेमका उलटा अर्थ निघतो.

७/ अकराव्या शतकात महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेक’ लिहून तिसरी शक्तीच नाकारली. त्याचे म्हणणे असे : हे साधे अनुमान आहे. भित्रा माणूस सिंह असलेल्या जागी जात नाही. हा गृहस्थ भित्रा. म्हणून तो जाणार नाही. धूर पाहून अग्नी ओळखतो तसेच हे. त्यासाठी शब्दाला नवी शक्ती कशाला?

८/ या मताला मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त उत्तर दिले. भित्रा माणूसही गुरूच्या आज्ञेने किंवा प्रियेच्या ओढीने संकटात शिरतो. कुत्र्याला टाळणारा सिंहालाही भितोच, असे नाही. शिवाय सिंह तिथे आहे याला आधार काय? त्या स्त्रीचे बोलणे, एवढाच! अशा डळमळीत हेतूवर अनुमान टिकत नाही, तरीही ऐकणाऱ्या रसिकाला अर्थ तत्काळ कळतो.

९/ या वादात पणाला लागले होते ते मोठे होते. न बोललेला अर्थ अनुमानाने सिद्ध होत असेल, तर तो बोलणाऱ्यावर पुराव्यासारखा लादता येईल. तो व्यंजनेने कळत असेल, तर ऐकणाऱ्याला कळूनही तो सिद्ध करता येणार नाही. ती स्त्री कधीही म्हणू शकते, ‘मी तर फिरा म्हणाले!’ अर्थ पोहोचवून शब्दांतून मोकळे राहण्याची वाट तिला ‘व्यंजक’ या विशेषणाने दिली.

१०/ पुढे अलंकारशास्त्रात बहुतांश पंडितांनी आनंदवर्धनाचाच पक्ष धरला. १८९१ साली ‘ध्वन्यालोक’ मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या काव्यमालेत छापून निघाला. गोदाकाठची गाथा काश्मीरला जाऊन, शास्त्र होऊन, पुन्हा महाराष्ट्रात आली. यापुढे बातमीत ‘सूचक मौन’ वाचाल तेव्हा एवढे जरूर विचारा : हे मौन काय सुचवते, आणि ते सिद्ध करण्याचा हट्ट कोण धरतो आहे?