दुनळी पुन्हा का जुळत नाही?

जुनी दुनळी बंदूक हाती आलेल्यांची एक तक्रार नेहमीची. दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे पाहिलं, नळ्या उतरवल्या, सहज चाप ओढले, आणि आता नळ्यांखालचा लाकडी भाग काही केल्या बसत नाही. मग ठोकाठोक सुरू होते आणि शंभर वर्षं टिकलेलं लाकूड फुटतं.

याचं उत्तर इतिहासात आहे. आधीच्या बंदुकांचे दोन घोडे बाहेर असत. ते अंगठ्यानं चढवायचे. १८७५ साली बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्समधल्या अ‍ॅन्सन आणि डीली यांनी केलेल्या रचनेत ते आत होते. मग चढवायचे कुणी? नळ्यांनी! बंदूक उघडली की नळ्या खाली झुकतात, पुढच्या दोन तरफा दाबल्या जातात आणि आतले घोडे चढतात.

आता बघा, नळ्या काढून चाप ओढला, तर घोडे पडतात आणि तरफांची टोकं वर येतात. लाकडी भाग अडतो तो तिथे. बिघाड काहीच नाही. टोकं खाली दाबून घोडे पुन्हा चढवले की झालं.

स्क्रूंचंही तसंच. ते ज्याच्या त्याच्या भोकापुरते हातानं बसवलेले, खाचा अगदी अरुंद. बाजारातला स्क्रू ड्रायव्हर घसरला, की खाच कायमची गेली. म्हणून त्याचं पातं खाचेप्रमाणे घासून घ्यायचं, गंजलेल्या स्क्रूला तेल पाजून थांबायचं, कुठला स्क्रू कुठला हे लिहून ठेवायचं. हे घडवणाऱ्या बहुतेक कारागिरांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांचा हात मात्र त्या खाचेत उरलाय. घाईत पुसला जातो तो तोच.