राक्षसभुवन : शनीचं की माधवरावांचं?

आज आपण बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिण काठावर जाणार आहोत. राक्षसभुवन. नाव घेतलं की पुण्याकडचा वाचक म्हणतो, "हां, माधवरावांची लढाई!" आणि मराठवाड्यातला माणूस म्हणतो, "शनीचं." दोघंही बरोबर. गंमत म्हणजे एकाला दुसऱ्याचं राक्षसभुवन बहुधा ठाऊक नसतं.

गावात रोज नांदतो तो शनी. साडेतीन शनिपीठांत राक्षसभुवनाचं नाव घेतलं जातं; शनी अमावास्येला घाटावर गर्दी लोटते. इथला विज्ञान गणेश गणपतीच्या एकवीस क्षेत्रांत मोजतात आणि त्याची स्थापना दत्तात्रेयांनी केली अशी कथा आहे. एवढी दैवतं असूनही शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या शिंगणापूरला मिळाली तशी प्रसिद्धी इथल्या शनीला लाभली नाही. गावाचं नाव दूरवर नेलं ते लढाईनं, आणि लढाईला घरोघर नेलं ते माधवरावांवरच्या 'स्वामी' कादंबरीनं. रणजित देसाईंची ही कादंबरी १९६२ ची. पुढे दूरदर्शनवर तिची मालिकाही आली.

प्रत्यक्षात काय झालं? पानिपताला अडीच वर्षं झाली होती. निजाम अलीनं त्याच वर्षी पुणं लुटलं होतं. परतताना गोदावरीला पूर. निजाम पलीकडे उतरला, पण दिवाण विठ्ठल सुंदर आणि मोठी फौज अलीकडेच राहिली. १० ऑगस्ट १७६३ ला मराठ्यांनी नेमकी हीच फौज गाठली. राघोबादादा घेरले गेले, तेव्हा अठरा वर्षांचे माधवराव मदतीला धावले. विठ्ठल सुंदर पडला आणि निजामाला पैलतीरावरून काही करता येईना. पुढच्या तहात त्यानं ८२ लाखांचा मुलूख सोडला. तरुण पेशव्याच्या पराक्रमाइतकंच श्रेय नदीलाही द्यायला हवं, असं आम्हाला वाटतं.

आणखी एक गोष्ट. हिला 'आपले विरुद्ध परके' अशी लढाई समजायची सवय झाली आहे. पण विठ्ठल सुंदर हा मराठी ब्राह्मण. नागपूरकर जानोजी भोसले आधी निजामाच्या गोटात, मग ऐनवेळी पेशव्यांकडे आले. मिरजेचे गोपाळराव पटवर्धनही निजामाला मिळालेले. मग आपले कोण? विजयाची आठवण पुण्यानं जपली. हा मुलूख मात्र सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राज्यातूनच सुटला. ज्या मातीवर ही लढाई झाली, तिथल्या लोकांनी काय पाहिलं आणि सोसलं, ते बखरींत शोधून सापडत नाही.

नदीही आता तशी राहिली नाही. वर पैठणला जायकवाडीचं धरण आहे. पाण्याचा मोठा विसर्ग झाला की मात्र नदी घाट चढून थेट शनीच्या मंदिरात शिरते.