सोळा आणि चार : जुन्या कागदांतलं प्रेम कसं वाचायचं?

पीएचडीच्या तयारीत असलेल्या बऱ्याच जणांना एक प्रश्न पडतो. जुन्या काळातले दोन पुरुष एकमेकांना ‘प्रिय’ म्हणून लिहितात, तेव्हा आपण प्रबंधात काय लिहायचं? मैत्री, की प्रेम? आज एक उदाहरण घेऊ, अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनचं.

डिसेंबर 1862. अमेरिकेत यादवी युद्ध चालू आहे. फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत भाऊ जॉर्ज जखमी झाल्याचं कळतं आणि व्हिटमन त्याला शोधत निघतो. भावाची जखम किरकोळ निघते, पण छावणीतले इतर जखमी पाहून व्हिटमन घरी परततच नाही. तो वॉशिंग्टनला राहतो, अर्धवेळ नकलनविशी करून पोट भरतो आणि रोज हॉस्पिटलांत जातो. तो काही पगारी परिचारक नव्हता. फळं, तंबाखू, थोडे सुटे पैसे वाटायचे, घरी पत्रं लिहून द्यायची, रात्र रात्र उशाशी बसायचं, हे त्याचं काम. युद्धकाळात आपण सुमारे 600 भेटी दिल्या, असं त्याने स्वतःच नोंदवलंय.

या खाटांपाशी काही नाती खोल गेली. आर्मरी स्क्वेअर हॉस्पिटलात भेटलेल्या टॉमस सॉयर या सार्जंटला व्हिटमनने 1863 मध्ये पत्रं लिहिली. युद्ध संपल्यावर आपण एकत्र राहू, लुई ब्राउन या दुसऱ्या जखमी सैनिकालाही सोबत घेऊ, असं स्वप्न त्यात आहे. सॉयरसाठी काढून ठेवलेला शर्ट तो न्यायला आला नाही, याची खंतही आहे. सॉयरचं उत्तर मात्र आदबशीर. तो व्हिटमनला ‘भाऊ’ म्हणतो.

पहिला धडा इथेच. पत्राला दोन टोकं असतात. एकाची ओढ म्हणजे दोघांचं प्रेम नव्हे. शिवाय परावलंबी रुग्ण आणि त्याची काळजी घेणारा यांच्यात सत्ता समान नसते. कृतज्ञता आणि प्रेम वरून सारखीच दिसतात.

आता दुसरं नातं बघा. युद्धाच्या अखेरीस व्हिटमनला घोड्यांच्या ट्रामवरचा कंडक्टर पीटर डॉयल भेटला. जन्म आयर्लंडचा, आधी दक्षिणेच्या सैन्यात लढलेला, व्हिटमनपेक्षा 24 वर्षांनी लहान. पुढची काही वर्षं दोघं जवळपास रोज भेटत. जानेवारी 1873 मध्ये व्हिटमनला पक्षाघात झाला आणि भूमिका उलटल्या. हजारोंची शुश्रूषा केलेला माणूस अंथरुणाला खिळला, आणि त्याची सेवा करणाऱ्यांत डॉयल होता. त्याच वर्षी व्हिटमन कॅम्डेनला भावाकडे गेला आणि रोजची सोबत तुटली. व्हिटमनच्या मृत्यूनंतर 1895 मध्ये डॉयलची मुलाखत घेतली गेली, तेव्हाही त्याचा जुना कोट डॉयलने जपून ठेवला होता.

इथे पुरावा काय? व्हिटमनच्या 1870 च्या वहीत तो स्वतःला बजावतो, की ही ओढ आता सोडायची. ओढ कुणाची, तर ‘16.4’ ची. इंग्रजी मुळाक्षरं मोजा : सोळावं पी, चौथं डी. म्हणजे पीटर डॉयल! त्याच नोंदीत ‘त्याला’ खोडून ‘तिला’ केलेलं आहे. मैत्री लपवायला कुणी आकडे वापरतं का? हे खोडलेलं सर्वनाम कित्येक पानांच्या मजकुरापेक्षा जास्त बोलतं. म्हणून छापील आवृत्तीवर थांबू नका, मूळ हस्तलिखिताची प्रतिमा बघा.

पण उलट पुरावाही टाळायचा नाही. इंग्रज लेखक सायमंड्सने व्हिटमनला त्याच्या कवितांतल्या पुरुषप्रेमाबद्दल थेट विचारलं. 1890 मध्ये व्हिटमनने तो अर्थ ठामपणे झिडकारला आणि आपल्याला सहा मुलं असल्याचं सांगितलं. त्या मुलांचा पुरावा आजवर कुणाला मिळालेला नाही. नकार हाही एक दस्तऐवजच असतो. तो कुणाला, केव्हा आणि कशाच्या भीतीने दिला, हे विचारायचं.

मराठीत लिहिताना आणखी एक अडचण येते. व्हिटमन या तरुणांना ‘कॉम्रेड’ म्हणतो. तुम्ही काय लिहाल? मित्र, दोस्त, सखा? प्रत्येक शब्द निकाल आधीच देऊन टाकतो. डॉयलला तो पत्रांत ‘मुलगा’ म्हणतो. तिथे ‘बाळा’ लिहिलंत की वाचक वात्सल्य समजून मोकळा होतो. अशा जागी मूळ शब्द देवनागरीत ठेवा आणि तो का ठेवला ते तळटीपेत सांगा.

मग प्रबंधात काय लिहायचं? माझं मत असं : सॉयरबाबत ‘एकतर्फी ओढ’ इतकंच. डॉयलबाबत ‘प्रेम’ असं बिनदिक्कत लिहा. ‘गे’ ही ओळख मात्र त्या दोघांनी स्वतःसाठी वापरलेली नाही, ते सांगून मगच हा शब्द वापरा. शारीरिक संबंधांचा पुरावा मागणाऱ्या परीक्षकाला एकच विचारा : स्त्री-पुरुषाच्या प्रेमाबद्दल लिहिताना आपण तो मागतो का?